सागवानी टेबलाचा टॉप चौकटीला चिकटवून टाकावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, घरीच जेवणाचे टेबल करत आहात, सागवानी फळ्या जोडून पाच फूट लांब व तीन फूट रुंद टॉप तयार झाला आहे, तर तो खालच्या चौकटीला फेविकॉल आणि स्क्रू लावून कायमचा पक्का करावा की लोखंडी अँगल लावावेत, आणि शेवटी पॉलिश कोणते करावे.

चिकटवू नका. स्क्रूही चारी बाजूंनी आवळून टाकू नका. फळीला फळी चिकटवलीत ते योग्यच केले, कारण त्या सगळ्या एकाच दिशेने फुगतात आणि एकाच दिशेने आकसतात. परंतु टॉप आणि चौकट यांच्यामध्ये गोंदाचा एक थेंबही नको. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण नेमकी हीच चूक मी २०१६ च्या मे महिन्यात केली होती आणि तिच्यावरून थोरल्या भावाशी सुरू झालेला वाद अजूनही मिटलेला नाही.

माझे काम पुण्यातल्या फ्लॅटच्या बंदिस्त केलेल्या बाल्कनीत चालते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेले लाकूड मी दोन महिने घरातच, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवले होते आणि मगच रंधा हातात घेतला होता. अडीच फूट रुंदीचा टॉप झाल्यावर दोन्ही टोकांना, फळ्यांची उघडी टोके झाकावीत म्हणून, एकेक आडवी पट्टी लावली आणि ती संपूर्ण लांबीभर फेविकॉलने चिकटवली. खाली चौकटीलाही तसेच, शिवाय बारा स्क्रू. त्याच आठवड्यात दाराची बिजागरी बदलायला आलेल्या एका वयस्कर सुतारकाकांनी त्या टोकाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “साहेब, ही आडवी पट्टी पूर्ण चिकटवलीत का? मग गणपतीपर्यंत थांबा.” मी हसलो. सांधा इतका बेमालूम जमला होता की त्यात नखसुद्धा जात नव्हते.

गणपतीत दादा सहकुटुंब जेवायला आला, तेव्हा टेबलाचा मधला भाग उपड्या तव्यासारखा वर आला होता आणि आमटीचे पातेले त्यावर डुगडुगत होते. चौकटीच्या एका कोपऱ्यात कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारे लाकडाचे टोक, खाचेतून अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर आला होता. दादाने पातेले दोन्ही हातांनी धरून ठेवत सर्वांसमक्ष निकाल दिला की लाकूड ओले होते, वखारवाल्याने मला फसवले आणि मी मुळातच प्लायवूड वापरायला हवे होते. पुढच्या मार्चमध्ये, होळीनंतरच्या एका रात्री, बाहेरच्या खोलीतून फाडकन आवाज आला. सकाळी पाहतो तर टॉपच्या एका टोकापासून चौदा इंचांची चीर पडलेली होती, आणि विशेष म्हणजे ती जोडावर नव्हती, अखंड फळीत होती. गोंदाने आपले काम चोख केले होते. म्हणूनच लाकडाला फाटावे लागले.

झाले ते असे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, परंतु रुंदीच्या दिशेने हवेतील दमटपणानुसार कमीजास्त होत राहते. सागवान पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत वाढचक्रांच्या (खोडातल्या वर्तुळांच्या) दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. इतर लाकडांच्या मानाने हे कमीच आहे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. घरातल्या लाकडाच्या वाट्याला मेपासून ऑगस्टपर्यंत यातला काही हिस्साच येतो, तरीही अडीच फूट रुंदीवर तो सुमारे दोन सूत भरतो. आडव्या पट्टीने आणि चौकटीने माझ्या टॉपला पावसाळ्यात रुंद होऊ दिले नाही, म्हणून तो वर उचलला गेला आणि आतल्या आत चेपला गेला. चेपलेले तंतू पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात सुकताना त्याला आधीपेक्षाही अरुंद व्हायचे होते, आणि पट्टीने तेही होऊ दिले नाही. ज्याच्या घरचे दार आषाढात चौकटीत अडकते आणि दिवाळीनंतर आपोआप लागू लागते, त्याला हे वेगळे सांगायला नको.

दादाला मात्र सांगावे लागले. तो स्थापत्य अभियंता आहे आणि पुलांच्या सांध्यात प्रसरणासाठी फट ठेवण्यात त्याची तीस वर्षे गेली आहेत, तरी माझ्या टेबलाला तशी फट लागते हे त्याला मान्य नाही. म्हणून उरलेल्या फळीचा एक तुकडा मी मे २०१७ मध्ये ३०० मिलिमीटरच्या स्टीलच्या पट्टीबरोबर, रुंदीत अगदी तिच्याइतका कापला आणि पॉलिश न करता कपाटावर ठेवून दिला. ऑगस्टच्या अखेरीस पट्टी पुन्हा लावून पाहिली तेव्हा लाकूड तिच्या टोकापुढे तीन मिलिमीटर डोकावत होते, आणि पुढच्या मे महिन्यात दोन्ही टोके पुन्हा बरोबर जुळली. लांबीत काडीचाही फरक नव्हता. लाकूड जर ओले असते, तर माझे टेबल गणपतीपर्यंत फुगण्याऐवजी आकसले असते. ओले लाकूड घरात आणल्यावर आधी सुकते, ते पहिल्याच पावसाळ्यात रुंद कसे होईल? वखारवाल्याचा यात कणभरही दोष नव्हता. हे सगळे मी पट्टी आणि तुकडा समोर ठेवून सांगितले, त्यावर दादा म्हणाला की पट्टी आकसली असेल.

आता तुमच्या टॉपविषयी. मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय म्हणजे लाकडाचे छोटे आकडे: सुमारे दीड-दोन इंचांचा तुकडा, ज्याच्या एका टोकाला जिभेसारखा भाग ठेवलेला असतो. ही जीभ चौकटीच्या आतल्या बाजूला पाडलेल्या खाचेत सरकती बसते आणि तुकडा स्क्रूने फक्त टॉपला आवळला जातो. टॉप खाली घट्ट धरलेला राहतो, तरी आडवा सरकू शकतो. लांब बाजूंना जीभ खाचेत पूर्ण खोल घालू नका, मेमध्ये काम करत असाल तर तिथे सूत-दीड सूत जागा मोकळी सोडा. लोखंडी अँगलच लावायचे असतील तर त्यांची गोल भोके कानशीने लांबट करून घ्या, टॉपच्या रुंदीच्या दिशेने, आणि स्क्रूखाली वॉशर घाला. रुंदीच्या मधोमध असलेले स्क्रू तेवढे पक्के आवळा, म्हणजे हालचाल दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाईल. टोकाला आडवी पट्टी हवीच असेल तर ती मधल्या तीन-चार इंचांतच चिकटवा आणि बाजूंना लांबट भोकांतून लाकडी खुंट्या मारा.

माझे टेबल मी असेच दुरुस्त केले. पट्ट्या कापून काढल्या, चिरेवरून करवत चालवून टॉपचे दोन भाग केले, कडा रंधून पुन्हा जोडल्या. रुंदीतले दोन सूत त्यात गेले. तेव्हापासून उन्हाळ्यात टोकाची पट्टी टॉपच्या कडेपेक्षा किंचित पुढे असते आणि श्रावणात टॉप पट्टीच्या पुढे येतो. बोट फिरवले की कळते. मागच्या गणपतीत दादाने बोट फिरवले आणि ही कड नीट कापलेली नाही असे सुनावले.

दादाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. कपाटे, ओट्याखालचे कप्पे, पलंगाच्या फळ्या यांसाठी प्लायवूडच योग्य, कारण त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते रुंदीत फारसे हलत नाही; पाण्याजवळ वापरायचे असेल तर आयएस ७१० चा (मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा) शिक्का पाहून घ्या. चार-पाच इंच रुंदीच्या लाकडी कामातही वरची काळजी फारशी लागत नाही. कोकणात हवा बाराही महिने दमट असल्याने तिथे हा फरक कमी दिसतो, पण रत्नागिरीत केलेले टेबल नागपूरला नेणार असाल तर मी सांगितलेले सगळे दुप्पट गांभीर्याने घ्या.

पॉलिशचे राहिलेच. जेवणाच्या टेबलाला स्पिरिट आणि लाखेचे पॉलिश करू नका, गरम भांड्याचे पांढरे डाग पडतात, पीयू (पॉलियुरेथेन) लावा. कोणतेही पॉलिश दमटपणाचा वेग कमी करते, त्याला अडवत नाही, त्यामुळे पीयू लावले म्हणून आकडे वगळू नका. वरून जितके हात द्याल तितकेच खालूनही द्या, नाहीतर एकाच बाजूने दमटपणा शिरून टॉप वाकतो. खालची बाजू कोणाला दिसते, असे तुम्हाला घरातले कोणीतरी विचारेलच.