पेट्रोलने धुतलेले हात

प्रश्न : माझे वडील द्वारका परिसरातील एका गॅरेजात तीस वर्षे मेकॅनिक होते. संध्याकाळी हातावरचे काळे ऑइल ते पेट्रोलने धूत, टाकीतले पेट्रोल नळी लावून तोंडाने ओढत. ‘याने काही होत नाही,’ असे मालक सांगत. पंपावर ‘अनलेडेड’ अशी पाटी लागली, तेव्हा कुठे आधीच्या पेट्रोलमध्ये शिसे होते हे आम्हाला कळले. ते घातक आहे हे बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ठाऊक होते. ३० ऑक्टोबर १९२४ रोजी थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याने पत्रकारांसमोर टेट्राएथिल लेड हे शिशाचे द्रवरूप संयुग स्वतःच्या हातांवर ओतून घेतले, मिनिटभर त्याची वाफ हुंगली आणि असे रोज केले तरी आपल्याला अपाय होणार नाही, असे सांगितले. इंजिनातले नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी खडखड, थांबवण्यासाठी ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचा शोध त्याचाच. त्याच सुमारास न्यू जर्सीतील कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले होते, आणि खुद्द मिजलीला आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे कामातून सुट्टी घ्यावी लागली होती. हे संयुग कातडीतून शरीरात शिरते. तरीही विक्रीसाठी त्याला नाव दिले ‘एथिल’. त्यात शिशाचा उल्लेखच नव्हता. आपल्या वडिलांच्या हातांबद्दल वाचताना मला तो प्रसंग आठवला आणि संताप आला.

कामगारांच्या मृत्यूंनंतर १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली, पण पुढच्या वर्षी सरकारी समितीला बंदीसाठी पुरेसे कारण दिसले नाही. त्यानंतर सुमारे चार दशके रॉबर्ट किहो हे डॉक्टर, ज्यांच्या प्रयोगशाळेला याच उद्योगाचा पैसा मिळत असे, शरीरात थोडे शिसे असणे नैसर्गिकच आहे आणि अपाय सिद्ध होईपर्यंत विक्री चालू राहावी, असे मांडत राहिले. अपाय सिद्ध करण्याची जबाबदारी धूर घेणाऱ्यांवर आली, तर तो सिद्ध करण्याची साधने मात्र हे पेट्रोल विकणाऱ्यांच्या हाती राहिली. माझ्या मते फसवणुकीचे मूळ इथेच आहे. पृथ्वीचे वय ठरवणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये अमेरिकी माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे शंभरपट असल्याचे मांडले, तेव्हा ही भिंत प्रथम खचली. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झाले ते २००० मध्ये. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

शिसे हाडांत साठते आणि तिथून वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते. रक्तदाब व मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून वडिलांना तपासणीला नेताना डॉक्टरांना त्यांचे काम आणि पेट्रोलने हात धुण्याची सवय आवर्जून सांगा. साध्या रक्तचाचणीत प्रामुख्याने अलीकडचा संपर्क दिसतो, त्यामुळे ही माहिती अहवालाइतकीच महत्त्वाची आहे. आजच्या पेट्रोलमध्ये शिसे नसले तरी बेंझीन आहे आणि त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. ओळखीच्या गॅरेजातली मुले अजूनही नळी तोंडाला लावत असतील, तर त्यांना हातपंप घेऊन द्या. हातांसाठी साबण आणि लाकडाचा भुसा पुरतो.