जुनी गाडी तापतेय? आधी एवढं बघ
अरे लगेच रेडिएटर (इंजिनचं गरम पाणी थंड करणारी पुढची जाळी) बदलायला धावू नकोस, नवीन लोक पहिली चूक हीच करतात. गाडी नेमकी कधी तापते ते आधी बघ. सिग्नलला उभी असताना टेंपरेचरचा काटा चढतो आणि पळायला लागली की उतरतो, असं असेल तर फॅन किंवा त्याचा बेल्ट बघायचा, उलट मोकळ्या रस्त्यावर स्पीडला तापत असेल तर रेडिएटर आतून चोकअप असण्याची शक्यता जास्त.

मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर (गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं) हे कर:
- कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) लेव्हल बघ, कॅपचं रबर कडक झालंय का तेही
- होज पाईप दाबून बघ, फुगलेला, चिरलेला किंवा पिचपिचीत असेल तर सरळ बदल
- थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून पाण्यात तापव, त्यावर बहुतेक वेळा 82 किंवा 88 असं सेल्सिअसमधलं तापमान कोरलेलं असतं, साधारण तिथे उघडायला लागला पाहिजे

थर्मोस्टॅट काढूनच टाक सांगणारे भरपूर भेटतील, ऐकू नकोस, मग इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोलही जास्त खातं. नुसतं पाणीही नको, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हेड गॅस्केटचं (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) टेन्शन आत्ताच घेऊ नकोस, ते नंतर बघू.