गल्लीचा कारभार कोणाच्या हाती?

प्रश्न : मुंबईच्या पूर्व उपनगरातील आमच्या गल्लीत नऊ सोसायट्यांनी मिळून सहा वर्षांपूर्वी एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे पालिकेच्या योजनेतील रहिवाशांची परिसर समिती) स्थापन केली. ओला-सुका कचरा वेगळा करणे, खतखड्डा चालवणे, कोपऱ्यावरचा उकिरडा हटवणे ही कामे आम्ही उत्साहाने केली. आता मात्र आमचा वेळ पत्रव्यवहारात जातो. गटाराच्या एका तुटक्या झाकणासाठी रस्ते, मलनिस्सारण आणि पर्जन्यजल वाहिन्या अशा तीन खात्यांनी आम्हाला एकमेकांकडे पाठवले. उलट पालिकेच्या वॉर्ड कार्यालयाकडूनच सर्वेक्षणाचे तक्ते, जनजागृतीची छायाचित्रे आणि सभांचे अहवाल मागितले जातात. रहिवाशांनी आपला परिसर स्वतः सांभाळावा आणि सरकारी कागदपत्रे कमी व्हावीत, असा काही मार्ग आहे का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. झाकणासाठी झालेली वणवण हे पहिले. ते काम पालिकेचे आहे, त्यासाठी आपण कर भरता, आणि खात्यांतील हद्दीचा वाद सोडवणे ही रहिवाशांची जबाबदारी असूच शकत नाही. दुसरे दुखणे अधिक खोल आहे: लोकांनी स्वतःसाठी उभारलेली समिती हळूहळू कार्यालयाची बिनपगारी कारकून होते. माझ्या मते एएलएम थकतात त्या बहुतेक या दुसऱ्या कारणाने.

हे केवळ मुंबईत घडते असेही नाही. चीनमध्ये 1989 साली शहरी रहिवासी समित्यांचा कायदा झाला. त्यात या समित्यांना रहिवाशांची स्वशासनाची संस्था म्हटले होते, साधारणतः 100 ते 700 कुटुंबांमागे एक समिती आणि तिच्यात पाच ते नऊ सदस्य, अशी रचनाही त्या मूळ कायद्यात दिली होती. प्रत्यक्षात वरच्या कार्यालयांनी आपापली कामे, नोंदी आणि तपासण्या या समित्यांवर इतक्या लादल्या की त्या शासनाचेच शेवटचे टोक बनल्या, आणि हा भार कमी कसा करावा याची चर्चा तेथे वर्षानुवर्षे चालू आहे. तेथील राज्यव्यवस्था आपल्याहून फार निराळी आहे. तरीही नाव स्वशासनाचे आणि काम कारकुनीचे, ही गत आपल्या ओळखीची वाटावी.

एएलएमचा जन्म याच्या नेमका उलट होता. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी कचऱ्याचा प्रश्न स्वतः हाती घेतला, आणि तो प्रयोग पाहून महापालिकेने ही योजना शहरभर नेली. म्हणजे लोक पुढे होते, कार्यालय मागून आले. परंतु एएलएमला स्वतःचा निधी नाही आणि गल्लीतील कामांवर निर्णयाचा अधिकारही नाही. त्यामुळे तिचे बळ बव्हंशी वॉर्डातील अधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहते, आणि त्याची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कायद्याने अधिकार द्यायचे ठरले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. 74व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. पण मुंबईत नगरसेवक 227, आणि 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख. म्हणजे एका नगरसेवकामागे जवळपास 55 हजार माणसे, आणि प्रभाग समितीत तर असे कित्येक प्रभाग एकत्र. त्या समितीला शेजारपाजाऱ्यांची सभा कसे म्हणावे? ही उणीव भरून काढण्यासाठी 2009 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांची ही सभा, गावच्या ग्रामसभेसारखी. मुंबईत ती रुजलीच नाही. त्यातच 7 मार्च 2022 रोजी पालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला आणि त्या काळात नागरिकाला दाद मागायला नगरसेवकही उरला नव्हता. गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामस्थांनी ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणून ग्रामसभेतून गावाचा कारभार स्वतः चालवून दाखवला. मुंबईच्या सुशिक्षित गल्लीला मात्र झाकणासाठी पोचपावती सांभाळत फिरावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपण काय करावे? प्रथम नऊ सोसायट्यांची सभा घेऊन कामांची वाटणी लेखी ठरवावी: खत, झाडांना पाणी, गल्लीतील वाहने उभी करण्याची शिस्त आपल्याकडे, गटार, रस्ता, फांद्यांची छाटणी पालिकेकडे. तक्ते भरण्याचे काम आपले नाही, हे पत्राने नम्रपणे कळवावे. त्यानंतर महिन्यातून एकदा सर्व संबंधित खात्यांच्या अभियंत्यांची एकाच वेळी संयुक्त पाहणी मागावी आणि जागेवरच इतिवृत्तावर सह्या घ्याव्यात. तीन खात्यांना निरनिराळी तीस पत्रे लिहिण्यापेक्षा हे फार परिणामकारक ठरते, कारण समोरासमोर उभे असताना काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. गल्लीत होणाऱ्या प्रत्येक कामाचा कार्यादेश, खर्च, कंत्राटदार आणि दोषदायित्वाचा कालावधी (काम बिघडल्यास कंत्राटदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत) यांची माहिती मागावी. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 अशी माहिती आपणहून जाहीर करण्यास सांगते. आणि पैशांबाबतही बोलावे. पुण्यात 2006पासून नागरिक आपल्या भागातील छोटी कामे पालिकेच्या अर्थसंकल्पासाठी सुचवू शकतात. ती पद्धत निर्दोष नसली, तरी मुंबईतील नगरसेवकाकडे तसाच आग्रह धरण्यास काय हरकत आहे?

एक सूचना आपल्याच समितीसाठी. पदे दर दोन वर्षांनी बदलावीत. तीच दोन-तीन माणसे वर्षानुवर्षे राहिली की गल्लीतच एक लहान कार्यालय तयार होते.

प्रश्न : आम्ही चेंबूरजवळच्या वस्तीत राहतो. आमच्याकडे ना सोसायटी, ना एएलएम. स्वव्यवस्थापन फक्त इमारतवाल्यांसाठीच आहे का?

उत्तर : मुळीच नाही. मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात पालिकेने शौचालये बांधली आणि ती चालवण्याची जबाबदारी वस्तीतील संस्थांकडे दिली; कुटुंबे मासिक पास घेतात आणि त्या पैशांतून सफाई, पाणी, वीज व देखरेखीचा खर्च भागवला जातो. हिशेब सर्वांसमोर राहिला तेथे ही व्यवस्था टिकते. एकाच माणसाच्या वहीत गेला की ती बिघडते. म्हणून दरमहा जमाखर्च शौचालयाच्या भिंतीवर लावावा, आणि पास घेणाऱ्या महिलांना समितीत निम्म्या जागा द्याव्यात, कारण शौचालय बंद पडले तर सर्वाधिक त्रास त्यांनाच होतो. संस्था आणि पालिका यांच्यातील कराराची प्रत वॉर्ड कार्यालयातून लेखी अर्जाने मागवावी. सेप्टिक टाकी उपसण्याचे आणि मोठ्या दुरुस्तीचे काम कोणी करायचे, ते आधी त्यात वाचावे, आणि मगच वर्गणीचा आकडा ठरवावा.