दादर, माहीम, धारावी: ‘जी उत्तर’ विभागाविषयी तुमचे प्रश्न

मुंबई महापालिकेच्या कामाबद्दल दादर-माहीम-धारावी पट्ट्यातून पुष्कळ पत्रे आली आहेत. बहुतेकांची अडचण एकच: तक्रार खरी असते, पण ती चुकीच्या टेबलावर जाते. म्हणून या वेळचे सदर या एकाच विभागासाठी.

प्रश्न: आमचा वॉर्ड नेमका कोणता? कुणी ‘जी उत्तर’ म्हणते, कुणी प्रभागाचा आकडा सांगते. (दादर पश्चिम)

दोन्ही बरोबर आहेत, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी अक्षराचा वॉर्ड म्हणजे प्रशासकीय विभाग. त्याचे कार्यालय असते आणि प्रमुख सहायक आयुक्त असतात. आकड्याचा प्रभाग निवडणुकीचा, नगरसेवक निवडून देणारा. मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत. पाणी, कचरा, गटार, परवाना, इमारत ही कामे अक्षराच्या वॉर्डात होतात, म्हणून अर्जावर वरच्या ओळीत ‘जी उत्तर’ लिहा आणि प्रभाग क्रमांक त्याखाली.

जी उत्तरच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला माहीमची खाडी आणि मिठी नदी, पूर्वेला मध्य रेल्वेचे रूळ. दादर पश्चिम, माटुंगा पश्चिम, माहीम आणि धारावी हे भाग यात येतात. दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीचा आणि माटुंगा पूर्वेचा कारभार एफ उत्तरकडे आहे. दक्षिणेला प्रभादेवीकडे जी दक्षिण सुरू होतो. गोंधळ होतो तो इथेच. प्रभादेवीचा बराच भाग विधानसभेला माहीम मतदारसंघात आहे, पण तिथला कचरा उचलतो जी दक्षिण.

सीमेवर राहत असाल तर मालमत्ता कराचे बिल काढा. खाते क्रमांकाची सुरुवात विभागाच्या अक्षरांनी होते. ‘जीएन’ (जी नॉर्थ, म्हणजे जी उत्तर) असेल तर प्लाझा चित्रपटगृहामागच्या कार्यालयात जा. भाड्याने राहणाऱ्यांनी सोसायटीकडून किंवा घरमालकाकडून हा क्रमांक मागून घ्यावा. पिनकोडवरून वॉर्ड ठरवू नका, पोलीस ठाण्यावरून तर नकोच.

प्रश्न: घर धारावीत, बाळ शीवच्या टिळक रुग्णालयात झाले. दाखला कुठे मिळेल? (धारावी)

एफ उत्तरमध्ये. जन्माची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते, आणि शीव रुग्णालय रुळांच्या पलीकडे आहे. वांद्र्याला प्रसूती झाली असती तर खाडी ओलांडताच विभागही बदलला असता आणि जिल्हाही, कारण वांद्रे मुंबई उपनगर जिल्ह्यात येते.

रुग्णालयातील जन्माची माहिती कळवणे हे रुग्णालयाचे काम आहे. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते. ३० दिवस ते एक वर्ष या काळात शुल्क, स्वयंसाक्षांकित कागद आणि लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नका. एक वर्षापर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा हाच दाखला आहे. तेव्हा रुग्णालयाचा फॉर्म भरताना आई-वडिलांची नावे त्यांच्या ओळखपत्रावर जशी आहेत तशीच, अक्षर न् अक्षर लिहा. दुरुस्तीचे बहुतेक अर्ज या एका फॉर्ममुळे येतात.

प्रश्न: इमारत १९८४ ची आहे. स्ट्रक्चरल ऑडिटची (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची) नोटीस आली. शेजारच्या जुन्या चाळीला मात्र म्हाडाचे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे) पत्र येते. आम्ही कुणाकडे जावे? (शिवाजी पार्क परिसर)

तुम्ही वॉर्डाच्या इमारत व कारखाने खात्याकडे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, उपकर (दुरुस्तीसाठीचा जादा कर) भरणाऱ्या इमारती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जातात. ही व्यवस्था फक्त शहरात आहे, उपनगरांत नाही. तुमची इमारत त्या तारखेनंतरची, म्हणून महापालिका अधिनियमाचे कलम ३५३-ब लागू. ३० वर्षे झालेल्या इमारतीचे ऑडिट रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने, पालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून करून घ्यायचे. ३० वर्षे मोजताना पूर्णत्वाचा दाखला, भोगवट्याची परवानगी किंवा निम्मे बांधकाम वापरात आल्याचा दिवस, यातील आधीचा धरतात.

अभियंता निवडताना दर बघण्याआधी चाचण्यांची यादी मागा. नुसता हातोडा मारून आणि फोटो काढून अहवाल देणारे बरेच आहेत. समुद्राजवळच्या इमारतीत खारट हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरते, सळई गंजते, गंज फुगतो आणि आतून काँक्रीट फोडतो. तडा बाहेर दिसतो तेव्हा आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते. म्हणून काँक्रीटचा दर्जा पाहणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीबरोबर हाफ-सेल (सळई गंजण्याची शक्यता), कार्बोनेशन (हवेमुळे काँक्रीटचा क्षारपणा किती खोलवर गेला), क्लोराइडचे प्रमाण आणि निवडक जागी कोअर (कापून काढलेला काँक्रीटचा नमुना) या चाचण्या हव्यात. ऑडिटच्या आधी तडे बुजवून रंग देऊ नका, त्याने अहवाल खोटा ठरतो आणि धोका तसाच राहतो. गच्ची, संडास-मोरीखालचे स्लॅब, पाण्याच्या टाकीखालचे कॉलम दाखवायला विसरू नका. प्रत्येक घर उघडे ठेवा.

अहवालात वर्ग येतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. सी-१ आला तर घाबरून लगेच चावी देऊ नका, पण महिनोन्‌महिने अडूनही बसू नका. आधी प्रत्येक घराचे चटईक्षेत्र आणि रहिवाशाचे नाव पालिकेकडून लेखी नोंदवून घ्या. इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, मात्र कागद नसेल तर पुढे तो सिद्ध करणे फार जड जाते.

प्रश्न: सकाळी पहिली दहा मिनिटे पाणी गढूळ आणि वासाचे येते. टाकी तर धुतलेली आहे. (माहीम)

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी सुटते. बंद काळात जलवाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे गळती असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जुनी गंजलेली जोडणी गटारातून गेली असेल तर पहिला लोंढा घाण येतोच. थेट जोडणीला पंप लावणारे हा धोका वाढवतात, आणि ते बेकायदाही आहे.

पाणी सुटताच खालच्या टाकीत पडण्याआधीच्या नळावरून काचेच्या बाटलीत घ्या. शेजारच्या दोन इमारतींतही त्याच वेळी बघा. सगळीकडे गढूळ असेल तर दोष मुख्य वाहिनीत. फक्त तुमच्याकडे असेल तर तुमच्या जोडणीत, आणि ती परवानाधारक प्लंबरकडून बदलण्याचा खर्च सोसायटीचा. दोन्ही प्रसंगी १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग तो घेऊन वॉर्डाच्या जलकामे खात्यात जा. कर्मचारी आले की क्लोरीनची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेले नाही. प्रयोगशाळेसाठीचा नमुना त्यांनाच घेऊ द्या, घरची बाटली निर्जंतुक नसते.

दुरुस्तीनंतर टाकी घासून, भरून, दर १,००० लिटरला सुमारे २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत ओता. रात्रभर ठेवून ते पाणी सोडून द्या. ते पिऊ नका. तोवर पिण्याचे पाणी खळखळून उकळा.

प्रश्न: आवारातल्या नारळाच्या झावळ्या गाड्यांवर पडतात. माळ्याकडून उतरवून घेतल्या तर चालेल? (माहीम)

आधी वॉर्डाच्या उद्यान खात्याची परवानगी घ्या. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू आहे. आवारातील छाटणीचा खर्च तुमचा, पदपथावरच्या झाडाचा पालिकेचा. अर्ज फेब्रुवारीतच द्या, मे महिन्यात सगळेच रांगेत असतात. ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीने जास्त संरक्षण दिले आहे, त्यामुळे अंदाजे वय अर्जात लिहा. आणि बुंध्याभोवती लाद्या बसवल्या असतील तर चारही बाजूंनी निदान एक-एक मीटर माती मोकळी करा. पावसात उन्मळणाऱ्या झाडांची मुळे बऱ्याचदा तिथेच गुदमरलेली असतात.