२०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी इंग्लिश फुटबॉलची प्रीमियर लीग नशिबानेच जिंकली का?

नशीब थोडं होतंच, पण नुसत्या नशिबावर ३८ सामन्यांत ८१ गुण मिळत नाहीत. २३ विजय, १२ बरोबरी आणि फक्त ३ पराभव. त्यातले दोन आर्सेनलकडून, आणि तीच आर्सेनल १० गुणांनी मागे राहून दुसरी आली!

खरी मेख खेळण्याच्या पद्धतीत होती. बॉल आपल्याकडे ठेवण्याचा हट्टच नाही. मागे दाटीवाटीने उभं राहायचं, मिडफिल्डर कांतेने बॉल हिसकावायचा आणि स्ट्रायकर वार्डीच्या पुढे लांब फेकायचा. वार्डी सुटला की बचावपटूंची पळता भुई थोडी. त्याने सलग ११ लीग सामन्यांत गोल करून व्हॅन निस्टलरॉयचा विक्रम मोडला. विंगर माहरेझचे १७ गोल वेगळेच.

सुरुवातीला मात्र बचाव गळका होता. प्रशिक्षक रानिएरींनी पोरांना आमिष दाखवलं, एकही गोल खाऊ नका, पिझ्झा देतो. तो पिझ्झा ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसला १-० हरवल्यावर मिळाला. पुढे मार्च-एप्रिलमध्ये सलग चार सामने १-० असेच जिंकले. मला विचाराल तर विजेतेपद तिथेच पक्कं झालं.

नशीब म्हणाल तर चेल्सी, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड हे सगळे बडे एकाच वर्षी ढेपाळले. २ मे २०१६ ला तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या टॉटनहॅमने चेल्सीविरुद्ध २-० ची आघाडी घालवून २-२ बरोबरी केली आणि लेस्टर घरबसल्या विजेते झाले. हंगामाआधी लेस्टर जिंकण्यावर सट्टेबाजांचा भाव होता ५००० ला १, म्हणजे एक लावला तर ५००० मिळणार.