दर वेळी वेगळाच कोड

प्रश्न : ताई, नमस्कार. चार महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदाच सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने डेस्कटॉप जोडला. रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, वेग ६०००. तीन महिने एकदाही अडला नाही. व्हिडिओ एडिटिंगला मेमरी कमी पडू लागली म्हणून त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन स्टिक बसवल्या. त्या हुबेहूब सारख्या असल्यामुळे त्यांचा प्रश्न नसावा. पण गेला महिनाभर दिवसातून दोन-तीनदा ब्लू स्क्रीन येते. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', कधी 'पेज फॉल्ट'. मध्येच ब्राउजरचा एखादा टॅब आपोआप मरतो. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं, म्हणून मित्र म्हणतो एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला. दोनदा फॉरमॅट मारून झाला. दुसऱ्या वेळी तर विंडोज टाकतानाच एरर आली. आता एसएमपीएस बदलू की ग्राफिक्स कार्ड? माझ्या पदवीच्या प्रकल्पाचं सगळं फूटेज याच मशीनमध्ये आहे.

उत्तर : आधी एक विनंती. मशीन आत्ता ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेत फूटेजची कॉपी करू नका. आणि आधी कुठे बॅकअप घेतलेला असेल तर त्यावर नवी कॉपी अजिबात चढवू नका. घाबरून आपण सगळ्यात आधी बॅकअपच घ्यायला धावतो, पण तुमच्या बाबतीत तोच घातक ठरू शकतो. फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाताना रॅममधून जाते. रॅमने वाटेत एखादा बिट उलटा केला, तर नवी फाइल बिघडलेली उतरते आणि विंडोज त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

हे मी सोसलेलं आहे. काही वर्षांपूर्वी बाबांचे जुने फोटो एका म्हाताऱ्या डिस्कवरून नव्या डिस्कवर घेतले. दोन्ही फोल्डरची साइज बाइटपर्यंत जुळली, म्हणून निर्धास्तपणे जुनी डिस्क पुसली. नंतर कधीतरी एक फोटो उघडला. वरचा भाग स्वच्छ होता, बाबांचे डोळे, चष्म्याची काडी, सगळं जागच्या जागी. नाकाच्या जरा खाली एक आडवी रेघ आणि तिथून खाली सगळा फोटो एका बाजूला सरकलेला, वर हिरवट रंगाचा पडदा. जेपीईजीमध्ये एक बिट चुकला की तिथून पुढचं सगळं असं घसरू शकतं. असे बरेच फोटो निघाले. त्या मशीनला तेव्हा अधूनमधून ब्लू स्क्रीन येत होती आणि मी ती ड्रायव्हरच्या खात्यावर मांडत होते. साइज जुळणं म्हणजे मजकूर जुळणं नव्हे, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ते फोटो आज असते.

म्हणून तुमचं मशीन आधी भरवशाचं करू, मग फूटेज काढू. एसएमपीएस नको, ग्राफिक्स कार्डही नको. माझा संशय सरळ रॅमवर आहे आणि तुमच्या पत्रातच त्याला तीन पुरावे आहेत.

पहिला म्हणजे दर वेळी बदलणारा कोड. ड्रायव्हर बिघडला असेल तर तो बहुतेक वेळा एकच कोड आणि एकाच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा दाखवतो. रॅमला असा धरबंध नसतो. बिघडलेल्या जागी त्या क्षणी जे काही ठेवलेलं असेल ते नासतं. कधी विंडोजचा गाभा, कधी ड्रायव्हर, कधी नुसता ब्राउजरचा टॅब. दुसरा पुरावा, विंडोज टाकताना आलेली एरर. इन्स्टॉल करताना हजारो फाइली रॅममध्ये उलगडल्या जातात आणि तिथेच त्या तुटल्या. अशा मशीनवर पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारून हाती काही लागत नाही, कारण नवं विंडोजही त्याच रॅममधून जाऊन डिस्कवर बसतं, म्हणजे जन्मतःच खोट घेऊन. तिसरा पुरावा तुम्ही जाता जाता लिहून गेलात: दोन स्टिक होत्या तोवर तीन महिने सुरळीत, चार झाल्या आणि महिनाभर त्रास.

'कर्नल-पॉवर ४१'बद्दल मात्र थोडं थांबून लिहिते, कारण या नावाने कितीतरी जणांना विनाकारण नवा एसएमपीएस घ्यायला लावलाय. या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाउन न होता सुरू झालं. कशामुळे, ते ती नोंद सांगत नाही. ब्लू स्क्रीननंतरही ती पडते, कोणी प्लग उपटला तरी पडते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' अशी एक ओळ असते, ती वाचा. तिथे शून्य असेल, तर विंडोजला कोड लिहायची उसंतच मिळाली नाही. तेव्हा वीजपुरवठा, रीसेट किंवा मशीन गोठणं याकडे बघायचं. शून्य नसेल, तर तो त्या वेळच्या ब्लू स्क्रीनचा कोड असतो, फक्त दशमान आकड्यात. १० म्हणजे 'आयआरक्यूएल', २६ म्हणजे 'मेमरी मॅनेजमेंट', ८० म्हणजे 'पेज फॉल्ट'. तुमच्याकडे हेच आकडे आलटून पालटून दिसतील असं मला वाटतं.

आता 'हुबेहूब सारख्या स्टिक'चं. रॅमच्या खोक्यावरचा ६००० हा आकडा एक्स्पो प्रोफाइलचा, म्हणजे स्टिकमध्येच भरून ठेवलेल्या वेगवान सेटिंगचा आहे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ते प्रोफाइल चालू केलं तरच तो वेग मिळतो आणि तो नेहमीच्या मर्यादेच्या वरचा, म्हणजे ओव्हरक्लॉकच असतो. शिवाय कंपनीने तो तपासलेला असतो दोन स्टिकच्या संचासाठी. दोन संच एकत्र बसवले की ती हमी तिथेच संपते, मॉडेल तेच असलं तरी. रायझन ७०००साठी ते बनवणाऱ्या एएमडीने स्वतः दिलेली मर्यादा दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना फक्त ३६०० आहे. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला एकेका वाहिनीवर दोन-दोन स्टिक ओढाव्या लागतात आणि सिग्नल मळका होतो, म्हणून ही उतरण. तुमच्या चारही स्टिक ६०००वर धावताहेत. त्या स्टिक, प्रोसेसर, बोर्ड, सगळं निरोगी असूनही ही मागणी झेपली नसेल, ही शक्यता मोठी आहे. तुमच्या जोडणीत चूक झाली असं म्हणून स्वतःला बोल लावू नका.

आणखी एक गैरसमज. डीडीआर५मध्ये एरर दुरुस्त करण्याची सोय आतच असते, त्यामुळे ती चुकत नाही, असं अनेकांना वाटतं. ती सोय चिपच्या पोटातल्या चुकांपुरती आहे. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत जे बिघडतं त्याला ती आवर घालत नाही, आणि तुमचं दुखणं नेमकं त्या वाटेवरचं दिसतंय.

करायचं काय ते सांगते. एक वही घ्या. तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं, एवढंच लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन बरं झालं, तर कशाने बरं झालं ते कायमचं गुलदस्त्यात राहतं.

मशीन बंद करून प्लग काढा आणि नव्या दोन स्टिक बाहेर ठेवा. जुन्या दोन प्रोसेसरच्या बाजूने मोजल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बहुतेक बोर्डांवर हीच जोडी असते, तरी मॅन्युअलमधलं चित्र बघून घ्या. स्टिक बसताना कट्ट असा आवाज यायला हवा. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो बंद करा. त्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेव्हा घाबरून बटण दाबू नका, डीडीआर५ला बोर्डाशी सूर जुळवायला वेळ लागतो. त्या वेळी मध्येच बंद करणाऱ्यांची मग 'मशीन मेलं' अशी पत्रं येतात.

आता मेमटेस्ट८६, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम. दुसऱ्या एखाद्या धडधाकट संगणकावर तो पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. चाचणीच्या आड विंडोज येतच नाही, हाच त्याचा मोठा फायदा. चार फेऱ्या रात्रभर चालू द्या. तो रॅमच्या प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. चूक सापडली की लाल ओळ येते. तिच्यात काय असायला हवं होतं आणि काय सापडलं, हे शेजारी शेजारी छापलेलं असतं. मी त्या ओळी अक्षर अक्षर वाचते. एका रात्री लिहिलेलं होतं सगळं 'एफ', वाचताना आलं सगळं 'एफ' आणि शेवटी एक 'ई'. 'एफ' म्हणजे चार एक, 'ई' म्हणजे तीन एक आणि एक शून्य. कोट्यवधी बिटांमधला एकच बिट पडला होता, बाकी सगळी स्टिक ठणठणीत. तरीही ती स्टिक बाद. इथे 'एखादी चूक चालते' असं नसतं. शून्य म्हणजे शून्यच हवं.

चाचणी निर्दोष पार पडली की विंडोज एकदा नव्याने टाका. प्रकल्पाची डिस्क किंवा पार्टिशन वेगळं असेल तर त्याला हात लावू नका. फूटेज विंडोजच्याच पार्टिशनमध्ये असेल तर फॉरमॅट थांबवा आणि आधी त्याची कॉपी घ्या. आता ती घ्यायला हरकत नाही. कॉपी झाल्यावर दोन्ही फाइलींचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवून बघा. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा त्यासाठीच आहे. आणि गेल्या महिन्यात आणलेल्या क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा. कॅमेऱ्याच्या कार्डावर मूळ अजून असेल तर ते कार्ड काही दिवस फॉरमॅट करू नका.

मग नव्या दोन स्टिक एकट्या तपासा, एक्स्पो बंद ठेवूनच. चुका आल्या तर एकेक स्टिक त्याच एका स्लॉटमध्ये घालून बघा. एकाच स्टिकला चूक आली तर ती वॉरंटीत परत करा. प्रत्येक स्टिक त्याच स्लॉटमध्ये चुकत असेल तर दोष स्लॉटकडे किंवा प्रोसेसरच्या सॉकेटकडे आहे. या पिढीत पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्यातली एखादी वाकली की असंच होतं. चारही स्टिक वेगवेगळ्या पास झाल्या, तर चार एकत्र बसवून ३६००वर ठेवा. वेग कमी झाल्याचं वाईट वाटेल, पण एडिटिंगला रॅम संपून डिस्कचा आधार घ्यावा लागणं जास्त जड जातं. तुमच्या जागी मी प्रकल्प जमा होईपर्यंत तेच केलं असतं. नंतर जमलं तर चार स्टिक देऊन ३२ जीबीच्या दोनचा एक संच घ्या.

प्रश्न : माझा प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या पिढीतला आय९ आहे. गेम सुरू करताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी' अशी एरर येते, पण कार्डवर मेमरी भरपूर आहे. मोठ्या झिप फाइलीही उलगडताना चुकतात. रॅमची चाचणी निर्दोष आहे.

उत्तर : रॅम निर्दोष ठरल्यावर ही दोन लक्षणं एकत्र दिसली की संशय प्रोसेसरवर जातो. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते कालांतराने अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं. त्या वर्षी ऑगस्टपासून बायोसमधून मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि खोक्यातून विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस आजच अद्ययावत करा. पण त्याने फक्त पुढची झीज रोखली जाते, झालेली भरून येत नाही. अद्ययावत करूनही त्रास राहिला, तर वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा.

प्रश्न : गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत माझा पीसी फटकन बंद होऊन पुन्हा चालू होतो. ब्लू स्क्रीन नाही. बगचेक कोड शून्य. तापमान ठीक आहे.

उत्तर : इथे मात्र विजेकडेच बघा. ग्राफिक्स कार्डाला दोन आठ-पिनी सॉकेट असतील, तर एकाच केबलची दोन तोंडं तिथे लावलेली नाहीत ना? अशा एका आठ-पिनी सॉकेटची ठरलेली क्षमता १५० वॉट आहे. म्हणून एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. केबल त्याच एसएमपीएससोबत आलेल्या हव्यात. दुसऱ्या एसएमपीएसची केबल तोंडाला बसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एका क्षणात डिस्क जळू शकते, त्यामुळे जुनी केबल वापरायचा मोह टाळा. मग कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणून तासभर खेळा. बंद पडणं थांबलं तर एसएमपीएस बदलण्याला आता आधार आहे.

त्याने काहीच फरक पडला नाही, तर कॅबिनेटच्या रीसेट बटणाची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढून एक दिवस चालवा. माझ्याकडच्या एका मशीनने टेबलाला धक्का लागला की रीस्टार्ट व्हायचा हट्ट धरला होता. ते बटण आत अडकून बसलं होतं. वायर काढल्यापासून ते चालू आहे, पॉवर बटण पुरतं.