सहा पिनस्पॉट आहेत, पण चेहऱ्यावर पुरत नाहीत? मग चेहऱ्यावर मारूच नका

तुमच्या फ्युजन बँडकडे सहा एलईडी पिनस्पॉट (मिरर बॉलवर मारायचे अरुंद झोताचे छोटे दिवे) उरलेत, मिरर बॉल विकून झालाय, आणि गायिकेच्या चेहऱ्यावर मारून बघितले तर ‘उजेडच पुरत नाही’, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी माणसाची सावली पाडता येईल का, असंही विचारलंय. (मिरर बॉल विकायला नको होता, पण असो.)

पुरणार नाहीच. पिनस्पॉटचा झोत साधारण सहा अंशांचा असतो. तीन मीटरवरून फूटभराचं वर्तुळ पडतं, पाच मीटरवरून जेमतेम अर्ध्या मीटरचं. गायिका जरा डुलली की अर्धा चेहरा अंधारात. चेहरे पार कॅनवर (रुंद झोताच्या साध्या स्टेज दिव्यांवर) सोडा आणि पिनस्पॉट वस्तूंवर लावा. आणि पिनस्पॉट चालू असताना पार कॅनचा उजेड निम्म्याच्या खाली आणा, नाहीतर तो लागलाय हे तुमच्याशिवाय कुणालाही कळणार नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग सिंबलवरचा, म्हणजे ड्रम किटमधल्या झांजेवरचा. ड्रम किटच्या एका बाजूला उंच स्टँड उभा करा आणि पिनस्पॉट क्रॅश किंवा राइड या मोठ्या सिंबलच्या वरच्या अंगावर तिरका मारा. सिंबल स्थिर असताना ती नुसती चमकते. काठी बसली की ती हलते आणि तिच्यावरून उसळलेला उजेड समोरच्या भिंतीवर, छतावर झुलायला लागतो. ना प्रोग्रॅमिंग, ना ऑपरेटर, तरी दिवा अचूक तालात! हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या जोड-सिंबलवर) हे जमत नाही, ती तेवढी झुलत नाही. ब्रिलियंट (चकचकीत) फिनिशची सिंबल असेल तर कवडसा ठसठशीत पडतो, साध्या फिनिशची असेल तर पसरट. रंग अंबर किंवा वॉर्म व्हाइटच ठेवा. निळ्यात ब्राँझ मेल्यासारखं दिसतं.

तुमच्याकडे तबला आहे, म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली. पाच मीटर उंचीचा ट्रस (दिवे टांगायची चौकट) मिळाला तर वरून एकाच वर्तुळात डग्गा, दायां आणि दोन्ही हात मावतात. पांढरी पुडी (वरचं कातडं), काळी शाई आणि त्यावर नाचणारी बोटं. सोलोला बाकी सगळं बंद करून एवढंच ठेवा. ट्रस बुटका असेल तर दोन दिवे लावा, एकात ओढाताण करू नका. जुने हॅलोजन दिवे कुणी देऊ केले तर मात्र तबल्याजवळ लावू नका. उष्णतेने पुडी सुकते, सूर चढतो आणि तबलजी गाण्यागणिक हातोडी काढून बसतो.

आता सावलीचं. भिंग लावलेल्या पिनस्पॉटने माणसाची अख्खी सावली पडणार नाही, झोतच तेवढा रुंद नाही. पण काही मॉडेलांचं पुढचं भिंग काढता येतं. ते काढलं की उरतो उघडा एलईडी, म्हणजे अगदी छोटा उगम, आणि उगम जितका छोटा तितकी सावलीची कड धारदार. गिटारिस्टच्या पुढे दोन मीटरवर जमिनीशी दिवा ठेवा, मागे दोन मीटरवर फिका पडदा असू द्या, सावली दुप्पट. दिवा जवळ सरकवाल तशी ती आणखी वाढेल. त्या वेळी एकच रंग चालू ठेवा. आरजीबी (लाल, हिरवा, निळा) मिसळून पांढरा केलात तर सावलीच्या कडेला रंगीत झालर येते. हवी असेल तर मुद्दाम आणा, एखाद्या गाण्यापुरती छान दिसते.

बास ड्रमचं पुढचं कातडं अर्धपारदर्शक असेल तर एक पिनस्पॉट आत ठेवा, बँडचं नाव काळं उठून दिसतं. दिवा एलईडीच हवा, आणि वायर पोर्टमधून (कातड्यातल्या भोकातून) बाहेर काढा.

सहाही दिवे मागे जमिनीवर ओळीत ठेवून पंख्यासारखे वर मारायचे, हा प्रकार जुना आहे. रॉक बँडवाले त्यासाठी विमानाचे लँडिंग लाइट वापरायचे: 28 व्होल्टचे, 250 वॉटचे, आपल्यासारख्या 240 व्होल्टच्या देशांत आठ-आठ एका माळेत जोडून. तुमच्या दिव्यांत तेवढा दम नाही, पण पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत पुरे होतं. हवेत धूर मात्र हवाच, आणि तोही हेझर मशीनचा, विरळ आणि एकसारखा. फॉगचे ढग होतात, झोत तुटक दिसतो. हॉलवाल्यांना आधी विचारा, स्मोक डिटेक्टर असतात. उघड्या मैदानावर हा नाद सोडा, वारा काही ठेवत नाही.

वायरिंगचं थोडक्यात: एलईडी पिनस्पॉट डिमर पॅकवर (वीज कमी-जास्त करून दिवे मंद करणाऱ्या पेटीवर) लावू नका. डीएमएक्स (दिव्यांना केबलवरून हुकूम देणारी पद्धत) असेल तर ते वापरा, नसेल तर साधा स्विच बोर्ड. ट्रसवर चढवलेल्या प्रत्येक दिव्याला सेफ्टी वायर (दिवा सुटला तरी खाली पडू न देणारी तार) हवी, दिवा कितीही हलका असला तरी.

लाइटवाला बहुतेक वेळा हॉलचाच असतो आणि त्याने तुमची गाणी ऐकलेली नसतात. सेट लिस्टच्या त्याच्या प्रतीवर गाण्यापुढे सरळ लिहा: ‘तबला सोलो, फक्त 3 नंबर, बाकी ब्लॅकआउट.’ साउंड चेकला तेवढा एक बदल त्याच्याकडून करून घ्या.

त्याच वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. स्वस्त एलईडी मंद केले की कॅमेऱ्यात पट्टे येतात. तसं दिसलं तर ते दिवे एकतर पूर्ण चालू ठेवा, नाहीतर बंद.